नदी साफ केल्याचं पदक

डिम्फ्ना हेशनला या वयात देवाकडे मागायला दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत आमच्या क्लूनाराला पदक मिळावं. आणि दुसरी, एडीन गावातच राहावी. एडीन तिची मुलगी. थोरला मुलगा कॅनडाला जाऊन तिकडचाच झाला होता, नवरा कधीच देवाघरी गेला होता. राहता राहिली एडीन, आणि तिचाही काही भरवसा नव्हता. नदीवरची तिची नोकरी सरकारी खरी, पण वर्षावर्षाच्या मुदतीची. "काम संपलं की भावाकडे जाईन," असं ती ब्रेडला लोणी लावता लावता सहज म्हणायची, आणि इकडे डिम्फ्ना हातातला घास परत ताटात ठेवायची.

ते काम नेमकं काय, ते मात्र डिम्फ्नाला कधी धड कळलं नाही. एडीन मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून ओवनग्लास नदीत उतरायची, बुडाला काच बसवलेली एक बादली पाण्यावर धरायची आणि तीत डोकं घालून दुपारभर वाकून उभी राहायची.

"काय बघतेस गं एवढं?"

"पाणी."

"पाण्यात पाणी बघायला सरकार पगार देतं? मग मीही बघते की घरच्या बादलीत. मलाही द्या म्हणावं."

"मासेसुद्धा बघते, मम्मी. चहा दे ना."

बस्स, यापुढे अक्षर नाही. पोरीच्या पोटातून गोष्ट काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. अगदी बापावर गेली होती.

यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र एक नवल घडलं. एडीन नदीवरून आली ती चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात शिरली, आईला कमरेला धरून तिने गर्रकन फिरवलं आणि हसता हसता रडायलाच लागली. "काय झालं? अगं, काय झालं?" तर म्हणाली, "चांगलं झालंय, मम्मी. खूप चांगलं झालंय. सांगता येत नाही, पण आता मी इथून हलत नाही बघ." डिम्फ्नाने ओळखलं. हे नक्की कुणीतरी पुरुषमाणूस असणार! रात्रभर तिने आसपासच्या गावांतली लग्नाची मुलं मनातल्या मनात चाळली, आणि पहाटे पहाटे तर नातवंडांची नावंसुद्धा ठरवून टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोलमनला तिने हे सगळं सांगितलं.

कोलमन जन्माचा ब्रह्मचारी. गवंडीकाम करायचा आणि स्पर्धेच्या समितीत डिम्फ्नाच्या उजव्या हाताला बसायचा. तो म्हणाला, "नदीत वाकून वाकून नवरा मिळतो होय? मग मी इतकी वर्षं पबमध्ये कशाला बसलो?"

"तू उताणा पडलास तरी तुला मिळायची नाही," डिम्फ्ना म्हणाली. ती खुशीत होती. पोरगी राहणार होती. आता पदक तेवढं उरलं.

या पदकाचं वेड बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. जूनमध्ये कधीतरी परीक्षक येतो. कोण, कधी, काही सांगत नाहीत. म्हणून जूनभर गावात कुणी अनोळखी दिसला की त्याला जावयासारखं वागवायचं. एकदा रस्ता चुकलेल्या एका जर्मन सायकलवाल्याला चार घरी चहा झाला, आणि तो बिचारा संध्याकाळी पोट धरून गेला. फुलांच्या कुंड्या, भिंतींना रंग, पुलाच्या कठड्याला ब्रश, सगळं आम्ही करायचो, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी मार खायचो. निसर्ग! "निसर्गाच्या रक्षणासाठी अधिक प्रयत्न हवेत." हे वाक्य डिम्फ्नाला तोंडपाठ होतं. "एवढं हिरवं आहे, आणखी काय डोंबल रक्षण करू?" असं ती म्हणायची, पण जिव्हारी लागलं होतं.

म्हणून तिने वसंतात पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात एक माहीतगार बोलावला. तो परक्या जातींबद्दल बोलला. बाहेरून आलेले पट्टेरी शिंपले आपल्या तळ्यांत कसे शिरले, होड्यांना चिकटून कसे पसरले, पाण्यातलं सगळं कसं खाऊन टाकतात, एकदा का ते आले की मग तळं गेलंच. पडद्यावर बोटाच्या पेराएवढे पिवळट-तपकिरी शिंपले दाखवले. "कडक गरम पाणी आणि वाळवण," तो म्हणाला, "एवढंच त्यांना मारतं. दिसले की कळवा." 'कळवा' हा शब्दही तो बोलला होता बरं. पण तो बोलेपर्यंत मागे कपबश्या वाजायला लागल्या होत्या.

आणि मग पाऊसच गेला. मे कोरडा, जूनही कोरडा. ओवनग्लास इतकी उतरली की वळणावरच्या खडकांच्या पाठी उघड्या पडल्या. आणि एका सकाळी कुत्र्याला फिरवताना डिम्फ्नाला घोटाभर पाण्यात, वाळूत उभे रोवलेले काळे शिंपले दिसले. एक नाही, दोन नाही, सबंध वळणभर! खाली वाकून तिने वाळू चिवडली तर आत बारकेही होते. बोटाच्या पेराएवढे. पिवळट-तपकिरी.

आले! इथंही आले! आणि एडीनला दिसले नाहीत? रोज डोकं घालून बसते ती! क्षणभर तिला पोरीची लाजच वाटली. मग दुसरा विचार आला, तिच्या वरच्या साहेबांना कळलं तर? तुझ्या नाकाखाली ही घाण आली आणि तू काय करत होतीस, असं विचारलं तर? नोकरी जाईल, आणि पोरगी कॅनडाला. एडीन नेमकी बैठकीसाठी डब्लिनला गेली होती. शनिवारी संध्याकाळी यायची होती. डिम्फ्नाने ठरवलं, ती यायच्या आत नदी लख्ख करून ठेवायची.

आमच्याकडे मेहल म्हणून एक रीत आहे. एकाच्या गवताला, एकाच्या जळणासाठीच्या पीटकापणीला सगळ्यांनी जायचं. सावडच म्हणा ना. डिम्फ्नाने शुक्रवारी चार घरी सांगितलं आणि शनिवारी सकाळी अख्खं क्लूनारा नदीवर. दाताळी आली, खोरी आली, कोलमनच्या वाळूच्या चाळण्या आल्या. बायकांनी हॅमची सँडविचं आणली, रूबार्बचा टार्ट आणला. सभागृहातला चहाचा मोठा बंब, जो एरवी मयताच्या चहालाच बाहेर निघतो, तो उचलून नदीकाठी आणला आणि गॅसवर चढवला. कोण नव्हतं त्या दिवशी! दहा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ एकाच चाळणीची दोन टोकं धरून उभे होते. डिम्फ्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच तर हवं होतं तिला.

मोठे शिंपले पोत्यांत भरून हँडबॉलच्या जुन्या कोर्टात नेले. तीन बाजूंना उंच भिंती, खाली सिमेंट, दुपारी भट्टी व्हायची तिथं. पसरले वाळत. कोलमनने एक उचलून हातात तोलला. तळहाताएवढा, काळाकुट्ट, वरची साल झिजून पांढरी पडलेली.

"डिम्फ्ना, त्या पडद्यावरचे एवढेसे होते गं. आणि पट्टे होते त्यांना. हे कुठले?"

"खाऊन खाऊन माजलेत. पट्टे पुसले गेले असतील."

"माझ्या आजोबांच्या बुटांसारखे दिसतात. जुनेपुराणे वाटतात जरा."

"तू शिंपल्यांचा डॉक्टर कधीपासून झालास? आण ते पोतं इकडे."

कोलमन हसला आणि त्याने पोतं आणलं. ते एक वाक्य तिने ऐकलं असतं तर! पण यश समोर दिसायला लागलं की माणसाचे कान आधी जातात.

बारके मात्र तिने स्वतःकडे घेतले. तेच तर पसरतात, तेच आधी मारायचे. चाळणीतून निघतील तसे एका पत्र्याच्या बादलीत जमवले आणि वरून बंबाची तोटी सोडली. बादलीतून टिचटिच असा बारीक आवाज आला. एक एक शिंपली उघडत होती. आत पांढरं, वाटाण्याएवढं काहीतरी. तिला जराशी कणव आली, नाही असं नाही. पण घरातला उंदीर मारतानाही येतेच की.

पिवळा रेनकोट घातलेली एक बाई सायकल धरून पुलावर उभी होती. आभाळात ढग नाही आणि ही रेनकोटात! खाली उतरून तिने विचारलं, "काय चाललंय?" डिम्फ्नाने तिला टार्टचा मोठा तुकडा दिला आणि बादली उचलून दाखवली. "शत्रूचा बीमोड," ती म्हणाली. बाईने तिचा बादलीसकट फोटो काढला. म्हणाली, "वा! सगळं गाव जमलंय." आणि सायकलवरून निघून गेली. डिम्फ्नाने कोलमनकडे पाहून डोळा मारला.

एडीन संध्याकाळी आली तेव्हा उन्हं अजून भिंतींवर होती. डिम्फ्ना तिला गाडीतून धड उतरू न देता, बोलू न देता, सरळ हँडबॉलच्या कोर्टाकडे घेऊन गेली. "डोळे मीट. मीट म्हणते ना! हं, आता उघड."

एडीनने डोळे उघडले.

तिच्या हातातली पिशवी गळून पडली, आणि ती नुसती बघत राहिली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळे शिंपले, ओळीने मांडलेले, काहींनी आ वासलेला. मग तिच्या तोंडून लहानपणी ताप चढल्यावर निघायचा तसा आवाज निघाला.

"जीझस, मेरी आणि जोसेफ," ती म्हणाली. "मम्मी. हे कुणी केलं?"

"मी! म्हणजे सगळ्यांनी. पण कल्पना माझी. अगं, पट्टेरी शिंपले शिरले होते तुझ्या नदीत, तुला दिसले नाहीत, आणि..."

"पट्टेरी?" एडीन एका शिंपल्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "पट्टेरी खडकाला चिकटतात, मम्मी. हे चिकटले होते का? हे वाळूत उभे होते ना? उभे होते की नाही?"

"हो, उभे होते."

"हे मोत्याचे शिंपले आहेत. आपले आहेत. जगात उरलेत कुठं हे? हा बघ, हा तुझ्या आजीच्या आधी जन्मलाय. या जागेवरून हलला नाही कधी तो. दोन महायुद्धं झाली, हा हलला नाही."

कोलमन मागे उभा होता, त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मेलेत का गं सगळे?" त्याने विचारलं.

"मिटलेले आहेत ते जिवंत असतील. पोती भिजवा. गोणपाट, टॉवेल, चादरी, हाती लागेल ते भिजवून आणा. बोलवा सगळ्यांना. पळा!"

आणि सकाळचंच सगळं गाव पुन्हा पळत आलं. सँडविचं खाऊन सुस्तावलेली माणसं पबमधून उठून आली, बायकांनी पलंगावरच्या चादरी ओढून आणल्या. ओल्या कापडात शिंपले बाळासारखे धरून माणसं नदीत उतरली, आणि एडीन कमरेएवढ्या डोहापासून काठापर्यंत धावत सांगत होती, निमुळतं टोक खाली, असं नाही, असं, वाळूत रोवा, दाबू नका, पुढचा आणा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सकाळी याच जागी केवढा हशा होता! डिम्फ्ना गार पाण्यात उभी राहून एक एक शिंपला लावत होती आणि मनात म्हणत होती, वाचतील, वाचतील, बाई, मिटलेलेच जास्त आहेत, वाचतील.

जास्त वाचलेही. अंधार पडायच्या आत कोर्ट रिकामं झालं. उघडे पडलेले तेवढे भिंतीशी राहिले. एडीन काठावर बसली, थरथरत होती. डिम्फ्नाने स्वतःचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. पोरीने तो झिडकारला नाही. डिम्फ्नाला वाटलं, निभावलं देवाने.

मग एडीनने विचारलं, "आणि बारके? वळणावर वाळूत बारके होते. ते कुठं आहेत?"

एडीनने आईच्या नजरेचा माग काढत काठावरच्या बंबाकडे पाहिलं, मग बंबाच्या खालच्या बादलीकडे. उठली. बादलीत हात घातला. पाणी कधीच निवलं होतं.

"मम्मी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध आणलंस का विचारावं तसा. "एप्रिलमध्ये मी नाचले होते, आठवतं?"

"आठवतं."

"म्हातारे कुठं कुठं अजून आहेत. पण पिल्लं होत नाहीत कुठंच. माशाच्या कल्ल्यात वाढतात, मग वाळूत लपून वर्षंच्या वर्षं काढतात, पाणी जरा गढूळ झालं की गुदमरतात. तुझ्या जन्माच्या आधीपासून या नदीत एक पिल्लू जगलं नव्हतं. आणि यंदा जगलेली सापडली. म्हणून नाचले. म्हणून म्हटलं की आता मी इथून हलत नाही."

तर ही होती ती नातवंडं. हाताने चाळून, निवडून, वेचून आणि वरून उकळतं पाणी! टिचटिच असा तो आवाज आता तिच्या कानांत सुरू झाला.

पण स्वभाव जातो कुठं? धक्क्यातसुद्धा तिला रागच आला. "मग सांगायचं नव्हतंस का मला?" ती ओरडली. "एवढी वर्षं विचारतेय, काय बघतेस, काय बघतेस! एक शब्द बोलली असतीस तर मी रात्रंदिवस काठी घेऊन उभी राहिले असते त्या वळणावर! कुणाला हात लावू दिला नसता!"

"सांगायची बंदी आहे आम्हाला. मोत्यांसाठी चोर येतात. पलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी पबमध्ये नुसतं बोललं, तर एका रात्रीत सगळे फोडून काठावर ढीग घातला होता. हजारात एकात मोती नसतो, तरी सगळे फोडले. मी शपथ घेतलीय. कुणालाही नाही, आईलाही नाही."

"चोर!" डिम्फ्ना म्हणाली. "चोरांपासून राखलंस, आणि आईनेच मारलं."

त्या दिवसापासून एडीनने आईला मम्मी म्हणणं सोडलं. भांडली नाही, घर सोडून गेली नाही. "चहा हवा?" "हो." "उशीर होईल?" "नाही." असं सभ्य, पाहुणीसारखं बोलायची. घरात कुणी रोज शिव्या घातल्या असत्या तर डिम्फ्नाने त्याही आनंदाने खाल्ल्या असत्या. नदीवर एडीन जायची, पण आता फक्त म्हातारे मोजायला. हिवाळ्याआधी कॅनडाला जाईन, असं तिने सांगून टाकलं.

डिम्फ्नाने शिक्षासुद्धा मागून पाहिली. एडीनचे साहेब आले तेव्हा ती हात पुढे करून उभी राहिली, "गुन्हा आहे ना? घाला मला तुरुंगात." साहेब गरीब माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खटला भरला की पेपरात नदीचं नाव येणार. ते आलं की उरलेले म्हातारेही जाणार. तुम्ही एवढंच करा, गप्प बसा. गावालाही गप्प बसवा." आणि क्लूनारा, जिथं एका घरी शिंक आली की दुसऱ्या घरचा 'देव भलं करो' म्हणतो, ते गाव गप्प बसलं. पबमध्येसुद्धा कुणी चकार शब्द काढला नाही. लाज वाटली की माणसांना सगळं जमतं.

आणि सप्टेंबरात रेडिओवर निकाल लागला. क्लूनाराला सुवर्णपदक! निसर्गरक्षणात सगळ्या देशात सर्वांत जास्त गुण! "परक्या जातीच्या शिंपल्यांचं निर्मूलन करण्यासाठी सबंध गावाने एकदिलाने केलेला आदर्श प्रयत्न परीक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."

पिवळ्या रेनकोटवाली!

डिम्फ्नाने रेडिओ बंद केला. मग कपाळ टेबलाला टेकवलं. कोलमन धावत आला. "नाकारू या," तो म्हणाला. "कळवू, की नको आम्हाला."

"का नको, असं विचारतील," एडीन दारातून म्हणाली. तिनेही ऐकलं होतं. "दोन दिवसांत पेपरवाले काठावर उभे राहतील. घ्यायला लागेल. जायचं, घ्यायचं, हसायचं आणि गप्प बसायचं."

"मी हसू?" डिम्फ्नाने विचारलं.

"हो."

डब्लिनच्या त्या मोठ्या हॉटेलात डिम्फ्ना गेली. मुलाच्या लग्नाला घेतलेला निळा सूट घातला, केस करून घेतले. नाव पुकारल्यावर व्यासपीठावर चढली. मागे पडद्यावर फोटो होता, नदीकाठी तीच, हातात पत्र्याची बादली, आणि बत्तिशी दिसेल एवढी हसणारी. टाळ्या थांबेनात. पदक गळ्यात पडलं तेव्हा तिने सांगितल्यासारखं हसून दाखवलं. फोटोवाल्याने "आणखी एकदा" म्हटलं, तेव्हा आणखी एकदा हसली. आयुष्यभर ज्यासाठी जीव टाकला ते हे. छातीवर गार धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं.

खाली चहाच्या टेबलाशी ती उभी होती. कप हातात होता, पण पिववत नव्हता. एक उंच, तांबूस गालांचा माणूस तिच्यापाशी आला. नाव टर्लक, डोनेगलकडच्या कुठल्याशा छोट्या गावचा समितीप्रमुख.

"बाई, तुमचा हात हातात घेऊ द्या," तो म्हणाला. "आम्ही यंदा फुलांतच अडकलो. तुमचं वाचलं आणि डोळे उघडले. आमच्या नदीतही आहेत ना तेच! या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा दिसले, काळे, वाळूत उभे रोवलेले. आमचा कुणी म्हणतो जुनेच आहेत, पण त्याला काय कळतंय! बारकेही आहेत म्हणे वाळूत. सोमवारी गाळ उपसायचं यंत्रच सांगितलंय, हाताने कुठं काढत बसायचं. तुम्ही त्या बारक्यांचं काय केलंत?"

बारकेही आहेत म्हणे. आजूबाजूला माणसंच माणसं, फोटोवाले, पेपरवाले. आणि तिला गप्प बसायचं होतं. पोरीला तेवढं एकच वचन दिलेलं, तेही मोडायचं? मोडलं तर पोरगी पुन्हा तोंड बघायची नाही. न मोडलं तर सोमवारी यंत्र उतरेल. तिला ते टिचटिच ऐकू आलं.

तिने कप ठेवला, टर्लकचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच कोट टांगायच्या खोलीत नेलं. एवढा आडदांड गडी, पण मुकाट्याने गेला. दार लावून घेतलं.

"ऐक," ती म्हणाली. "यंत्र नको म्हणून सांग. आत्ता फोन कर. हात लावू नकोस त्यांना, कुणालाही लावू देऊ नकोस. आणि मी आता जे सांगते ते तुझ्या बायकोलासुद्धा सांगायचं नाही. मी मारलीत ती. पिल्लं होती. ह्या हातांनी उकळत्या पाण्यात मारलीत, आणि त्याबद्दल हे गळ्यात घालून फिरतेय." आणि तिने सगळं सांगितलं, बंब, बादली, चाळण्या, एडीनचं एप्रिलमधलं नाचणं, सगळं. सांगता सांगता ती हमसून हमसून रडली. जूनपासून रडली नव्हती. टर्लकच्या गालांची लाली उतरली. त्याने खिशातून फोन काढला आणि यंत्रवाल्याला सांगितलं, "सोमवारचं रद्द." "का?" असं पलीकडून विचारलेलं ऐकू आलं. "सांगता येत नाही," टर्लक म्हणाला.

मग डिम्फ्नाने आपला फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं.

"हं," एडीन म्हणाली. "झालं?"

"एडीन, मी बोलले. तुझी शपथ मोडली. इथं एक माणूस आहे, त्यांच्या नदीतही आहेत. काळे, वाळूत उभे. सोमवारी यंत्र घालणार होता, माझं बघूनच. मी त्याला सगळं सांगितलं. तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण माझ्याने राहवलं नाही. आणि पोरी, तो म्हणतो, बारकेही आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि गाडीच्या किल्ल्यांचा.

"कुठली नदी?" एडीनने विचारलं. "कुठली नदी, मम्मी?"